सोंगट्यांचा पट : सुगीचा एक विसरलेला खेळ

सोंगट्यांचा पट म्हटला की आपल्यापैकी बहुतेकींच्या डोळ्यांपुढे कौरवांची सभा उभी राहते. शकुनीचे फासे, खाली मान घालून बसलेला धर्मराज आणि केसांना धरून ओढत आणलेली द्रौपदी! एवढे चित्र मनात ठसल्यावर तो पट घरात आणावा, लेकीसुनांना शिकवावा, असे कोणाला वाटणार? म्हणूनच येत्या कोजागिरीला मंडळात सोंगट्यांचा डाव मांडावा अशी सूचना निघाली तेव्हा दोन तऱ्हेची मते पडली. विरोध करणाऱ्या भगिनींचे म्हणणे हसण्यावारी नेण्याजोगे मुळीच नव्हते. ज्या घराने जुगाराची झळ सोसली आहे, त्या घरातल्या बाईला फाशांचा खुळखुळाट गोड कसा लागावा? तिला उत्तर द्यायचे तर नुसत्या हौसेची भाषा पुरणार नाही. हा खेळ कोणी खेळला, वर्षाच्या कोणत्या दिवसांत खेळला आणि त्याची रचना मुळात कशी आहे, हे नीट पाहावे लागेल. या लेखाचा उद्योग तेवढाच.

आधी आपल्या दारचाच पुरावा घेऊ. मुकुंदवाडीहून वेरूळ तीस-पस्तीस किलोमीटर. पाहुणे आले की आपण त्यांना घेऊन जातो, कैलास लेणे दाखवतो, घृष्णेश्वराचे दर्शन घेतो आणि संध्याकाळच्या आत परततो. पुढच्या खेपेस थोडी वाकडी वाट करून 21 क्रमांकाच्या लेण्यात अवश्य जावे. रामेश्वर म्हणतात ते हेच. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातले हे लेणे प्रवेशाशी असलेल्या गंगेच्या सुंदर मूर्तीसाठी नावाजलेले आहे. पण आत शंकर-पार्वती फासे खेळत बसल्याचा देखावा आहे, तो आपण बायकांनी तरी पाहायलाच हवा. देवी संकोचून कोपऱ्यात बसलेली नाही. ती खेळात बरोबरीने बसली आहे. खाली नंदी आहे आणि गण त्याची खोड काढीत आहेत. नंदी डावात गेला, म्हणून त्याचे हे हाल, असा अर्थ अभ्यासक लावतात. हाच प्रसंग 14 व्या आणि 29 व्या लेण्यातही कोरलेला आहे. एकाच डोंगरात तीन-तीन ठिकाणी शिल्पकारांनी तो घ्यावा, यावरून त्या काळी ही कथा किती लाडकी होती ते दिसते. डॉन हँडलमन आणि डेव्हिड शुलमन या दोन विद्वानांनी शिवाच्या या फाशांवर एक आख्खा ग्रंथच लिहिला असून तो 1997 साली प्रसिद्ध झाला.

अजिंठ्याला गेलात तर तेथेही फासे भेटतात. 2 क्रमांकाच्या लेण्यात विधुरपंडित जातकाची चित्रे आहेत. कुरूंचा राजा पूर्णक नावाच्या यक्षाशी खेळतो, हरतो आणि आपला शहाणा मंत्री विधुर गमावून बसतो. म्हणजे खेळणारा एक आणि किंमत मोजणारा दुसराच! हस्तिनापुरात बायकोवर पाळी आली, येथे मंत्र्यावर आली. बौद्ध कथाकार काय आणि व्यास काय, दोघांनीही बोट ठेवले आहे ते नेमके एकाच जागी: आपले नव्हे ते माणूस पणाला लावण्याचा हक्क खेळणाऱ्याला कोणी दिला?

द्रौपदीचा प्रश्न हाच होता, हे आपण पुष्कळदा विसरतो. तिच्या रडण्याची चित्रे निघाली, वस्त्रहरणाची नाटके झाली. पण सभेत येण्यापूर्वी तिने निरोप्याबरोबर जो प्रश्न पाठवला तो खेळाच्या नियमाचा होता. धर्मराजांनी आधी स्वतःला हरवले की मला? स्वतःला आधी हरले असतील तर मला पणाला लावण्याचा अधिकार त्यांच्यापाशी उरलाच कोठे? भीष्मासारख्यालाही याचे सरळ उत्तर देता आले नाही. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. त्या डावात पैसा दुर्योधनाचा आणि हात शकुनीचा होता. एकाने दुसऱ्यासाठी खेळावे हे रीतीला धरून नाही, असे युधिष्ठिराने सुरुवातीलाच म्हटले होते, आणि तरी तो बसला. त्याच्या बाजूला कोणी नव्हते. चार भाऊ होते, पण ते भिडू म्हणून नव्हेत; एकेक करून पणाला लावण्यासाठी. भिडूवाचूनचा असा डाव म्हणजे सोंगट्यांचा खेळच नव्हे, असे मी म्हणते ते का, हे पुढे पटाची रचना सांगताना येईल.

फाशांना दोष देणारे वचन महाभारताहूनही जुने आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात 34 वे सूक्त जुगाऱ्याचे आहे. त्या काळचे फासे बेहड्याच्या फळांचे. ती फळे खुळखुळू लागली की याचे पाय घरी ठरत नाहीत. बायको दुरावली, सासू तोंड पाहीना, आईबाप आणि भाऊ ओळख देईनात. सूक्ताच्या शेवटी त्याला उपदेश मिळतो तो मोठा मार्मिक आहे: फासे सोड, आपले शेत कर, त्यातच तुझी गाईगुरे आणि त्यातच तुझी बायको आहे. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच एका बाजूला फासे आणि दुसऱ्या बाजूला नांगर असा सरळ सामना लागला होता.

आता नवल असे की, पुढच्या काळात धर्मशास्त्राने आणि लोकरीतीने या दोघांचा समेट घडवून आणला. नांगर चालू असताना फासे नाहीत. पीक हाताशी आले की मग मात्र फासे खेळायचे, आणि तेही नेमलेल्या दिवशी. हे नेमलेले दिवस दोन. एक आश्विनातली कोजागिरी आणि दुसरा कार्तिकातला पाडवा.

कोजागिरीला लक्ष्मी रात्री फिरते आणि कोण जागे आहे असे विचारते, हे आपल्याला ठाऊक आहे. दूध आटवायचे, चंद्राचे प्रतिबिंब पाहायचे, जागरण करायचे, हेही आपण पाळतो. पण जुन्या ग्रंथांतले कोजागर व्रत उघडून पाहिले तर तेथे जागरण कशाने करावे तेही सांगितलेले आढळते. फासे खेळून! नारळाचे पाणी आणि पोहे घ्यावेत आणि फासे खेळत रात्र जागवावी. पोहे कशाला, याचा विचार केला आहे का कधी? पोहे म्हणजे नव्या भाताचा पहिला खाऊ. कोकणात याच पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात आणि नव्या लोंब्या दाराला बांधतात. आपल्या मराठवाड्यात भात नाही, पण हंगाम तोच. मूग-उडीद घरात आलेले, बाजरी खळ्याकडे निघालेली, कापसाची पहिली वेचणी सुरू झालेली, आणि शाळूच्या पेरणीला अजून चार दिवसांची उसंत. वर्षभरात कुणब्याच्या घराला पट मांडून बसण्याइतकी फुरसत मिळाली तर ती याच दिवसांत.

दुसरा दिवस कार्तिक शुद्ध प्रतिपदेचा. त्याला बलिप्रतिपदा म्हणतात आणि द्यूतप्रतिपदाही म्हणतात. एकाच तिथीला ही दोन नावे मिळावीत हे मला फार अर्थपूर्ण वाटते. बळी हा पाताळात घातलेला राजा. पण आपल्या शेतकरी घरांतल्या बाया ओवाळताना इडापिडा टळो आणि बळीचे राज्य येवो, असेच म्हणतात. वामनाचे राज्य येवो असे कोणतीही बाई म्हणत नाही. महात्मा फुल्यांनी 1873 च्या ‘गुलामगिरी’त या बळीला रयतेचा राजा मानून त्याची बाजू घेतली, ती या बायांच्या ओवाळण्याला धरूनच होती.

पाडव्याच्या दिवसाची द्यूतकथा पुराणात आणि व्रतकथांत येते, तीही ऐकण्यासारखी आहे. शंकर पार्वतीशी खेळले आणि सर्वस्व हरून गंगेच्या तीरावर जाऊन बसले. बापाची ही दशा पाहून कार्तिकेय पुढे झाला, आईशी खेळला आणि हरलेले सगळे परत जिंकून घेऊन गेला. मग गणपतीला राहवेना! तो आईच्या बाजूने खेळायला गेला आणि जिंकून आला. पुढे विष्णूने फाशाचे रूप घेऊन शंकराला हात दिला, रावणाने मांजर होऊन गणपतीच्या उंदराला भिववले, देवीला कपट कळले आणि तिने सर्वांना शाप दिले. शेवटी समजूत पटली. कथा पुराणातली असली तरी घर अगदी आपलेच आहे. एक लेक बापाकडून, एक आईकडून. समोरासमोर दोन जोड्या! आता पटाभोवती चौघे कसे बसतात ते आठवा, म्हणजे ही कथा कोणत्या खेळासाठी घडली असेल ते आपोआप समजेल.

याच कथेचे बायकांनी केलेले रूप म्हणजे भुलाबाई. आपल्या वस्तीत जळगाव-बुलढाण्याकडून आलेल्या ज्या भगिनी आहेत त्यांना हे सांगायला नको. खानदेशात आणि विदर्भात भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई-भुलोजी मांडतात. कथा अशी सांगतात की, सारीपाटाच्या डावात पार्वतीने शंकराला हरवले, शंकर रुसून रानात निघून गेले, आणि पार्वतीने भिल्लिणीचा वेष घेऊन त्यांना भुलवून परत आणले. भुलले ते भुलोजी, भुलवले ती भुलाबाई. शेजारी गणपतीही असतोच, आईचा भिडू! आणि कोजागिरीच्या रात्री या जोडप्याला बसवतात ते ज्वारीच्या पाच धांड्यांच्या मखरात. सारीपाट, नवे पीक, पौर्णिमा आणि बायकांचा मेळा हे सगळे येथे एकत्र आले आहे. मुली फेर धरतात, गाणी म्हणतात, खिरापत ओळखतात. त्यातला पट तेवढा गळून गेला आणि कथेत उरला. तो परत आणावा एवढीच काय ती आमची मागणी आहे.

आता प्रत्यक्ष पटाकडे वळू. वेरूळच्या शिल्पातला पट आजच्यासारखाच होता असे कोणी समजू नये. खेळ शतकानुशतके बदलत आला. आपल्या शेजारच्या कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 1129 च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ रचला. त्यात राजाच्या वीस क्रीडा दिल्या आहेत आणि फाशांचे व कवड्यांचे खेळ त्यांत आहेत. चौफुलीच्या पटाचे स्वच्छ वर्णन मिळते ते अबुल फजलच्या ‘ऐने-अकबरी’त, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस. चार पंख, प्रत्येक पंखाला तीन ओळी, प्रत्येक ओळीत आठ घरे. म्हणजे एका पंखात 24 आणि सगळ्या पटात 96 घरे, शिवाय मधला चौक. चार रंगांच्या चार-चार, अशा सोळा सोंगट्या. फासे तीन, बोटासारखे लांबट. चार अंगांवर एक, दोन, पाच आणि सहा. तीन आणि चार नाहीतच. खेळणारे चौघे, त्यांत समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू. फाशांऐवजी कवड्या घेतल्या की तीच पच्चिशी.

बादशहाला हा खेळ इतका प्रिय होता की, कधी कधी दोनशेच्या वर माणसे खेळत, सोळा डाव पुरे झाल्याखेरीज कोणाला घरी जाता येत नसे आणि ते पुरे व्हायला तीन-तीन महिने लागत, असे अबुल फजल लिहितो. त्या दरबाऱ्यांच्या बायका घरी काय म्हणत असतील ते त्याने लिहिले नाही! पण त्याच ग्रंथात एक उपयोगी गोष्ट सापडते. चौघांचा खेळ अपुरा वाटला म्हणून अकबराने सोळा पंखांचा, सोळा जणांचा आणि 64 सोंगट्यांचा चंडाळ-मंडळ नावाचा नवाच पट बसवला. खेळातून माणसाची पारख होते आणि माणसे एकमेकांशी सलोख्याने वागायला शिकतात, हा त्यामागचा बादशहाचा हेतू होता, असे अबुल फजल सांगतो. मेळा मोठा असेल तर पट त्याला जुळेल असा करून घ्यावा. पट काही आकाशातून पडलेला नाही.

खेळाची खरी खुबी मात्र ग्रंथांपेक्षा आपल्या बोलण्यात टिकून राहिली आहे. पटावरच्या चौकोनाला आपण ‘घर’ म्हणतो. दोन सोंगट्या एका घरात आल्या की त्यांचे ‘जुग’ होते. जुगाला एकटी सोंगटी मारू शकत नाही, आणि जुग फुटले की दोघींनाही भीती. सहा, सहा आणि एक पडले म्हणजे ‘पौबारा’. त्या दानावर सोंगट्या अशा सुटतात की, पळून गेलेल्या माणसाने पोबारा केला असे आपण अजून म्हणतो. लबाडीला छक्केपंजे म्हणतो. फासा पडेल तो डाव आणि राजा बोलेल तो न्याय, ही म्हणही येथलीच. आणि सगळा फेरा पुरा करून सोंगटी मधल्या चौकात आली म्हणजे ती काय होते? ‘पिकते’. जिंकत नाही, पोचत नाही, पिकते! शेजारच्या कानडी मुलखात अशा सोंगटीला ‘हण्णु’, तेलुगूत ‘पंडु’ आणि तमिळात ‘पळम’ म्हणतात. तिन्हींचा अर्थ पिकलेले फळ. गोदावरीपासून कावेरीपर्यंतच्या माणसांनी शब्द वेगळे वापरले, पण पाहिले ते एकच. घरातून निघालेले बी रानात फिरते, मार खाते, पुन्हा पेरले जाते आणि शेवटी पिकून घरी येते. या पटावर सुगी वरून चिकटवावी लागत नाही. ती त्यात आहेच.

कवड्यांच्या खेळात सोंगटी मधल्या चौकातून निघते, आपल्या पंखाच्या मधल्या ओळीने खाली उतरते, चारही पंखांच्या कडेकडेने फिरते आणि आपल्याच मधल्या ओळीने वर चढते. ही पावले मोजून पाहा. आठ उतरण्याची, सदुसष्ट बाहेरच्या फेऱ्याची, आपल्या पंखाच्या टोकाचे घर पुन्हा गाठण्याचे एक, वर चढण्याची सात आणि चौकातले शेवटचे एक. बेरीज बरोबर 84 येते. चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा ज्यांच्या तोंडी होता त्या माणसांच्या हे ध्यानात आल्यावाचून राहिले असेल, असे मला वाटत नाही.

परंतु या सगळ्याहून मोलाचा नियम भिडूंचा. माझ्या चारही सोंगट्या पिकल्या म्हणजे मी जिंकले, असे या खेळात नाही. माझ्या चार आणि समोर बसलेल्या माझ्या भिडूच्या चार, अशा आठही पिकल्या पाहिजेत. म्हणून मुरलेला खेळाडू काय करतो? आपली सोंगटी पिकायला आली, एका दानात चौकात जाईल अशी झाली, आणि तिकडे भिडूची सोंगटी शत्रूच्या तावडीत सापडली, तर तो आपली सोंगटी पिकू देत नाही. तिला पुन्हा बाहेरच्या फेऱ्याला सोडतो. हातची सुगी सोडून दुसऱ्याच्या शेताची राखण करायला जायचे, आणि त्यात आपली सोंगटी मेली तर पुन्हा पहिल्यापासून! हा निर्णय घेताना माणसाचा स्वभाव जसा उघडा पडतो तसा एरवी वर्षभराच्या शेजारातही पडत नाही. अकबर म्हणतो ती पारख हीच. आणि आता हस्तिनापूरची सभा आठवा. भिडू नाही, जुग नाही, पिकणे नाही. नुसता फासा आणि पण. खेळाचे जे जे म्हणून सत्त्व आहे ते काढून टाकले की जो चोथा उरतो तो जुगार.

असा चोथा पुढे विलायतेतही निघाला, पण सौम्य. आपली पच्चिशी साहेबांनी उचलली. अमेरिकेत ‘पार्चिसी’ हे नाव 1874 साली व्यापारचिन्ह म्हणून नोंदले गेले, आणि इंग्लंडात 1896 साली ‘लुडो’चे पेटंट निघाले. लहान मुलांना सोपे पडावे म्हणून एकच फासा ठेवला, वाट आखूड केली आणि भिडू काढून टाकले. ज्याचा तो! तोच लुडो परत येऊन आपल्या घरांत बसला आणि आजीचा कापडी पट ट्रंकेच्या तळाशी गेला. 2016 साली नवी मुंबईच्या एका कंपनीने तो मोबाईलवर आणला आणि 2020 च्या टाळेबंदीत घरोघर त्याचे वेड लागले, हे आपण पाहिलेच आहे. लुडो वाईट म्हणण्याचे कारण नाही, पोरे रमतात. पण त्यात स्वतःची सोंगटी घरात घेण्याऐवजी दुसऱ्यासाठी बाहेर ठेवण्याची वेळ कधी येत नाही, आणि आमच्या मते सगळी गंमत तिथेच होती.

लातूर-धाराशिवकडच्या भगिनींना येथे एक आठवण करून द्यावीशी वाटते. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे येळवसीला, तिकडे शेतात कडब्याची कोप करतात आणि तीत पाच दगड मांडून पांडव म्हणून पूजतात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे यांचा नैवेद्य दाखवतात. फाशांत राज्य घालवून रानोमाळ झालेल्या या पाच जणांना कौरवांच्या सभेतून उचलून शेतकऱ्याने आपल्या उभ्या पिकात आणून बसवले. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याला फासे सोडून शेत कर असे सांगितले होते. येळवसीचे पांडव ते ऐकूनच तेथे आले असावेत!

हे सगळे ध्यानात घेऊन आपल्या कोजागिरीसाठी पट कसा असावा, याची एक आखणी येथे सुचवते. कापड जाड सुती घ्यावे. घर दोन इंची धरले तर पंख सोळा इंच लांब आणि सहा इंच रुंद होतो. दोन पंख आणि मधला चौक मिळून 38 इंच. म्हणजे शिवणीसकट 40 इंची चौरस तुकडा पुरे. बाजू दोन, भुलाबाईची आणि भुलोजीची. भुलाबाईच्या बाजूला पार्वतीचा पिवळा आणि गणपतीचा तांबडा रंग समोरासमोर. भुलोजीच्या बाजूला शंकराचा काळा आणि कार्तिकेयाचा हिरवा, मोराचा. (जुन्या पटांत पिवळ्याचा भिडू काळा असे. कथेसाठी तो मी बदलला आहे. जाणत्यांनी रागावू नये.) प्रत्येक रंगाला दोघी बसाव्यात, एकीने दान टाकावे, दुसरीने सोंगटी चालवावी आणि दर डावाला पाळी बदलावी. असे एका पटावर आठ जणी आणि दोन पटांवर सोळा. नजर अधू झालेल्या आजींनाही दान टाकता येईल आणि नव्या सुनेला त्यांच्याकडून चाल शिकता येईल.

प्रत्येक रंगाच्या चार सोंगट्यांना ज्वारी, बाजरी, तूर आणि मूग अशी नावे द्यावीत. शेजारी एक सूप ठेवावे. सोंगटी पिकली की त्या धान्याची एक मूठ सुपात पडेल, मग ती कोणत्याही बाजूची असो. दोन्ही बाजूंना सूप एकच, कारण वेगळी सुपे ठेवली की मोजदाद सुरू होईल. डाव संपल्यावर जी बाजू मागे राहिली असेल तिच्या न पिकलेल्या सोंगट्यांच्या मुठी जिंकलेल्या बाजूने भराव्यात. दोन पटांच्या बत्तीस मुठी भरल्या की दुसऱ्या दिवशी ते धान्य निवडून वेगळे करायचे. मुगा-तुरीचे वरण आणि ज्वारी-बाजरीच्या भाकरी सगळ्यांच्या पंक्तीला होतील. पटावर नाणे, नोट, दागिना किंवा खिरापतीचा पेढासुद्धा पणाला ठेवायचा नाही, हा नियम पटाच्या कडेलाच दोऱ्याने भरून टाकावा. विरोध करणाऱ्या भगिनींपैकीच एकीने तो भरावा आणि पंच म्हणूनही त्यांनीच बसावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. द्रौपदीने विचारलेला प्रश्न विचारायला त्या दिवशी सभेत कोणी पंच नव्हता, आपल्याकडे असावा.

फासे करून घेण्यापेक्षा सहा कवड्या बऱ्या. त्या कोणाच्याही घरी निघतील. किती कवड्या उताण्या पडल्या म्हणजे किती दान, यावर मात्र गावोगाव मतभेद आहेत. ज्यांच्या माहेरी जुना पट असेल त्यांनी तो एक दिवसापुरता आणावा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आपापले नियम कागदावर लिहून द्यावेत. विशेषतः फुलीच्या घरात बसलेली सोंगटी मरते की नाही, हे नवरात्राच्या आत ठरले पाहिजे, कारण ते ठरल्याखेरीज कापडावर फुल्या घालता येणार नाहीत.